चाइल्डलाइन १०९८ : एका दूरध्वनी क्रमांकाची वाटचाल

बऱ्हाणपूरच्या स्मरणिकेत मुंबईत जन्मलेल्या संस्थेचा इतिहास कशासाठी, असे कुणी विचारील. आपले गाव भुसावळ–खंडवा मार्गावर आहे. निमाड, माळवा, बुंदेलखंड आणि त्याच्याही वरच्या मुलखातून घर सोडून निघालेली मुले पिढ्यान्‌पिढ्या याच रुळांवरून मुंबईला गेली. कल्याणला, दादरला, व्हीटीला उतरलेल्या त्या मुलांना रात्री-अपरात्री हाक मारायला कुणीतरी असावे, म्हणून ही संस्था निघाली. आता काळ असा आला आहे, की मुलावर संकट यायला त्याने गाडीत बसण्याचीही गरज उरलेली नाही. राजघाटाजवळच्या घरात, पावरलूमच्या खडखडाटात, शाहपूरच्या केळीच्या मळ्यात बसलेल्या मुलाच्या हातातल्या मोबाइलवर परका माणूस पोचतो. तेव्हा या संस्थेचा इतिहास आता आपल्याही गावाचा झाला आहे.

चाइल्डलाइन सुरू झाली जून १९९६ मध्ये, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक क्षेत्रीय प्रकल्प म्हणून. जेरू बिलिमोरिया तेव्हा तिथे शिकवीत. रस्त्यावरच्या मुलांच्या निवाऱ्यांमध्ये त्यांचे जाणे-येणे असे. अडचण आली तर फोन करा, म्हणून त्यांनी मुलांना आपला नंबर दिला आणि मुलांनी तो वापरला. कुणी आजारी पडलेला, कुणाला पोलिसांनी उचललेले, कुणाला नुसतेच बोलायचे असलेले. एका बाईच्या घरच्या फोनवर हे किती दिवस चालणार? त्यातून चोवीस तास चालणाऱ्या, मुलांसाठीच असलेल्या फुकट नंबरची कल्पना निघाली. दूरध्वनी खात्याकडून चार आकडी क्रमांक मिळवायला बरेच खेटे घालावे लागले. नंबर ठरला १०९८. मुले तो ‘दस-नौ-आठ’ असा म्हणत आणि म्हणूनच त्यांच्या तोंडी तो चटकन बसला.

सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. फोन घेणारे आणि मुलाकडे धावत जाणारे कार्यकर्ते बऱ्याचदा स्वतः रस्त्यावर वाढलेली तरुण मुलेच होती. फलाटावर झोपलेल्या पोराला उठवून काय विचारायचे आणि काय मुळीच विचारायचे नाही, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नव्हते. सार्वजनिक फोनवरून हा नंबर खरोखर लागतो का, हे तपासण्यासाठी मुलांकडूनच बूथवरून चाचणीचे कॉल करवून घेत. नंबर नुसता जाहीर करून भागत नाही, पोराच्या हाताला तो लागला पाहिजे, ही शिस्त पहिल्यापासूनची.

त्याच १९९६ साली ब्रिटनमध्ये इंटरनेट वॉच फाउंडेशन ही संस्था निघाली. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे इंटरनेटवरून शोधून काढून टाकणे हे तिचे काम. आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू करून तेव्हा जेमतेम वर्ष होत होते. देवनारमधल्या लोकांच्या डोळ्यांसमोर फलाट होते आणि केंब्रिजमधल्यांच्या डोळ्यांसमोर पडदा. बरोबर वीस वर्षांनी ही दोन कामे मुंबईतच एकमेकांना भेटायची होती. ते पुढे सांगतो.

१९९८-९९ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने हा प्रकल्प देशभर न्यायचे ठरवले आणि १९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनची नोंदणी झाली. मुख्यालय मुंबईत नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत. देशभर जाळे असलेल्या संस्थेचा कारभार महापालिका शाळेच्या मजल्यावरून चालावा, यात त्या संस्थेचा स्वभाव दिसतो. घडी अशी होती : पैसा मुख्यतः सरकारचा, नियम आणि प्रशिक्षण फाउंडेशनचे, आणि प्रत्यक्ष धावपळ त्या-त्या जिल्ह्यातल्या स्थानिक संस्थेची. मदतीचा कॉल आला की साठ मिनिटांच्या आत माणूस मुलापर्यंत पोचला पाहिजे, हा दंडक. दरवर्षी बालदिनापासून आठवडाभर ‘चाइल्डलाइन से दोस्ती’ चाले. मुले कलेक्टर, पोलीस अधिकारी, स्टेशनमास्तर यांच्या मनगटावर बंध बांधून त्यांच्याकडून संरक्षणाचा शब्द घेत. पुढे काम वाढले तसे फोन घेण्याची केंद्रे मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि दिल्लीलगत एकवटली. हे जाळे सहाशेच्या आसपास जिल्ह्यांत आणि शंभराहून अधिक रेल्वे स्थानकांवर पसरले. बिलिमोरियांनी २००३ मध्ये ‘चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल’ उभी केली आणि मुंबईचा अनुभव जगभरच्या हेल्पलाइनांच्या उपयोगी पडला.

या कामात ‘मूक कॉल’ नावाचा एक प्रकार होता. फोन वाजतो, उचलला जातो, पलीकडून कुणी बोलत नाही. असे कॉल ढिगाने येत. ते त्रासाचे समजून ठेवून द्यायचे नाहीत, अशी शिकवण होती. फोन घेणारी ताई बोलत राहायची : मी इथेच आहे, तुला जमेल तेव्हा बोल, नाही बोललास तरी चालेल. काही मुले चौथ्या-पाचव्या फोनला तोंड उघडत. लैंगिक अत्याचाराची कितीतरी प्रकरणे अशीच, गप्प फोनांतून बाहेर आली. पुढे या लेखात कायद्याची कलमे येणार आहेत. ती वाचताना हा गप्प फोन वाचकांनी मनात ठेवावा, कारण तक्रार जन्मते ती तिथे.

संस्थेच्या इतिहासातले सर्वांत अवघड प्रकरण कुलाब्याचे. डंकन ग्रँट या ब्रिटिश नागरिकाने १९९५ पासून मुंबईत रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘अँकरेज’ नावाचे निवारे चालवले होते. ॲलन वॉटर्स हा दुसरा ब्रिटिश नागरिक तिथे येऊन-जाऊन असे. खायला-प्यायला, राहायला, कपडे, सहली, सारे काही मिळत होते. गाव त्यांना धर्मात्मे समजत होते. २००१ मध्ये मुलांकडून भलतेच ऐकू येऊ लागले. चाइल्डलाइनने ते उचलून धरले, प्रकरण पोलिसांत आणि उच्च न्यायालयापर्यंत गेले. वॉटर्सला पुढे न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक होऊन भारतात आणण्यात आले, ग्रँट २००५ मध्ये हजर झाला. मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सहा वर्षांची सक्तमजुरी आणि प्रत्येकी वीस हजार पौंड दंड ठोठावला. जुलै २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सोडून दिले. आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्र न्यायालयाची शिक्षा पुन्हा कायम केली. त्या निकालाच्या शीर्षकातच पक्षकार म्हणून चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनचे नाव आहे.

दहा वर्षे. ज्या मुलांनी साक्ष दिली ती या दहा वर्षांत मिसरूड फुटलेले तरुण झाली. मला या प्रकरणात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या वाटतात. एक म्हणजे तेव्हा बलात्काराचा कायदा फक्त स्त्रियांपुरता होता. मुलग्यांवरच्या अत्याचारासाठी दंडविधानातले ३७७ कलम ओढूनताणून वापरावे लागले. म्हणजे गुन्हा सिद्ध होऊनही त्याला धड नाव नव्हते. दुसरी म्हणजे रस्त्यावरच्या मुलाचा शब्द शेवटी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने खरा मानला. त्या मुलांच्या पाठीशी दहा वर्षे एक संस्था उभी राहिली नसती, तर उच्च न्यायालयातच प्रकरण संपले असते.

याच्या आधीचा धडा गोव्यातला. एप्रिल १९९१ मध्ये मडगावला फ्रेडी पीट्स नावाच्या माणसाला अटक झाली. तो अनाथ मुलांसाठी ‘गुरुकुल’ चालवीत असे. त्याच्या घरातून मुलांची २,३०५ अश्लील छायाचित्रे सापडली. ती परदेशी गिऱ्हाइकांसाठी होती. पत्रकार आणि कार्यकर्त्या शीला बर्से यांनी हे प्रकरण पुढे रेटण्यासाठी फार झुंज दिली. मार्च १९९६ मध्ये पीट्सला जन्मठेप झाली. त्यातूनच पुढे गोवा बाल अधिनियम, २००३ आणि स्वतंत्र बाल न्यायालय उभे राहिले. त्या कायद्यात एक तरतूद अशी, की फोटो धुणाऱ्या स्टुडिओवाल्याला मुलांची लैंगिक चित्रे आढळली तर त्याने जवळच्या पोलीस ठाण्याला कळवलेच पाहिजे, नाही कळवले तर त्यालाच कैद. डिजिटल काळ दारात उभा असताना केलेला हा नियम आज जुनाट वाटेल. पण ज्याच्या यंत्रातून ते चित्र जाते त्याने गप्प बसायचे नाही, हे तत्त्व गोव्याने तेव्हाच धरले. आजच्या समाजमाध्यम कंपन्यांकडून जग नेमके तेवढेच मागत आहे.

२००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बाल अत्याचारांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केलेला होता आणि त्यात मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गोवा तिन्ही होते. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. मुलगे आणि मुली दोघांनीही. ‘आमच्यात असे होत नाही’ हे वाक्य त्या दिवसापासून कुणालाही प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

त्यानंतर १४ नोव्हेंबर २०१२ ला पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला. अठरा वर्षांखालचे प्रत्येक मूल, मुलगा असो की मुलगी, त्यात आले. मुलांचा अश्लील चित्रणासाठी वापर हा स्वतंत्र गुन्हा झाला. गुन्ह्याची कल्पना असूनही न कळवणारा स्वतः गुन्हेगार ठरू लागला. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काहीही येणार नाही, असे संरक्षणही मिळाले. या कायद्याने १०९८ चे काम बदलले. आधी कार्यकर्ता समजूत घालीत असे, आता त्याच्या हाती कायदा होता. याच सुमारास संस्थेने ‘कोमल’ नावाचा छोटा ॲनिमेशनपट काढला. सात वर्षांची कोमल, शेजारचे लाडके बक्षी अंकल, आणि चांगला-वाईट स्पर्श समजावून सांगणाऱ्या बाई. तो देशभरच्या शाळांत दाखवला गेला आणि ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला शैक्षणिक चित्रपटाचा पुरस्कार विभागून मिळाला. गुन्हेगार अनोळखी नसून शेजारचा आवडता माणूस आहे, हे त्यात स्पष्ट दाखवले. पालकांच्या सभेत हे बोलायला आजही धाडस लागते.

आता पडद्यावरच्या गुन्ह्याकडे येऊ. या बाबतीत मुंबईने लवकर डोळे उघडले होते. २००१ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने मुलांना इंटरनेटवरच्या अश्लीलतेपासून कसे वाचवावे यासाठी समिती नेमली. तिचा सगळा भर सायबर कॅफेवर होता : ओळखपत्र पाहा, अल्पवयीन मुलांना उघड्यावरच्या संगणकावरच बसवा. त्या वेळी ते शहाणपणाचे होते. पण कॅफेच बंद पडले आणि संगणक खिशात आला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६७ ब हे कलम ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झाले. त्याने मुलांची लैंगिक चित्रे बनवणे, पसरवणे, पाहणे, शोधणे आणि मुलांना ऑनलाइन नादी लावणे, सारेच दंडनीय केले. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. कागद तयार होता. पण सामान्य माणसाने अशी चित्रे दिसल्यावर सांगायचे कुणाला?

या प्रश्नाचे पहिले उत्तर सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबईतूनच आले. कामाठीपुऱ्यातल्या मुलांसाठी १९८६ पासून झटणाऱ्या प्रीती पाटकर आणि प्रवीण पाटकर यांच्या ‘प्रेरणा’ संस्थेशी जोडलेल्या ‘आरंभ इंडिया’ने इंटरनेट वॉच फाउंडेशनच्या साहाय्याने अशी चित्रे कळवण्याची भारतातली पहिली हॉटलाइन सुरू केली. १९९६ च्या त्या दोन धाग्यांची गाठ इथे पडली. नाव न सांगता दुवा कळवायचा, ब्रिटनमधले विश्लेषक तो तपासणार आणि ते चित्र जगात कुठल्याही सर्व्हरवर असो, काढायला लावणार. चाइल्डलाइन जित्याजागत्या मुलाला शोधत होती, ही हॉटलाइन त्या मुलाच्या चित्राला. दोन्ही लागतात. मूल वाचले तरी चित्र फिरतच राहिले, तर त्या मुलाला दर वेळी नव्याने तेच भोगावे लागते.

सरकारी यंत्रणाही मग हलली. ‘प्रज्वला’ संस्थेच्या पत्रावर सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या प्रकरणानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टल उघडले. आपल्या शेजारच्या इंदूरचे वकील कमलेश वासवानी यांनी २०१३ मध्ये केलेल्या याचिकेनेही या विषयाकडे न्यायालयाचे लक्ष वेधले होते. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने अमेरिकेच्या ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन’ या केंद्राशी करार केला. त्याच वर्षी पोक्सो दुरुस्त होऊन शिक्षा वाढल्या आणि हुबेहूब खऱ्या मुलासारखी दिसणारी संगणकाने बनवलेली चित्रेही गुन्ह्यात आली. कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा व्हायच्या आधीची ही तरतूद आहे, याचे श्रेय द्यायला हवे. सीबीआयने ऑनलाइन बाल लैंगिक शोषणासाठी वेगळा विभाग काढला. राज्यसभेच्या चौदा सदस्यांच्या तदर्थ समितीने जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी २०२० मध्ये चाळीस शिफारशी केल्या. महाराष्ट्र सायबरने त्याच सुमारास ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ हाती घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत गुन्हे नोंदवले.

त्या अमेरिकी केंद्राशी झालेला करार बऱ्हाणपूरसारख्या गावात प्रत्यक्ष कसा उतरतो, ते तपशिलात सांगितले पाहिजे, कारण लोकांच्या मनात याविषयी फार गैरसमज आहेत. समजा इथल्या कुणी असे एक चित्र समाजमाध्यमावर चढवले. ज्ञात प्रत्येक चित्राची एक संख्यात्मक ओळख आधीच काढून ठेवलेली असते. बोटाचा ठसा जुळावा तशी ती जुळते आणि कंपनीची यंत्रणा चित्र अडवते. अमेरिकी कायद्यानुसार त्या कंपनीला हे त्या केंद्राला कळवावेच लागते. केंद्र पाहते की चित्र भारतातून चढले आहे. अहवाल दिल्लीला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येतो, तिथून राज्याच्या सायबर पोलिसांकडे, आपल्या बाबतीत भोपाळला, आणि तिथून जिल्ह्याच्या ठाण्यात. त्या कागदावर नाव नसते. असतो एक आयपी पत्ता, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, कधी ईमेल, कधी फोन नंबर. एकच आयपी पत्ता एकाच वेळी शेकडो मोबाइलवाल्यांना वाटलेला असतो, म्हणून पोर्ट क्रमांकही लागतो. तो नसेल तर माग तिथेच थांबतो. दूरसंचार कंपनीकडे नोंदी ठरावीक काळच राहतात. त्या मुदतीत पत्र गेले नाही तर सगळे मुसळ केरात. पुढे घर सापडते, मोबाइल जप्त होतो, प्रयोगशाळेत त्याची हुबेहूब प्रत निघते आणि कोर्टात टिकण्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचे प्रमाणपत्र लागते. यात एका जागी ढिलाई झाली की आरोपी सुटतो. ठाण्यात बसलेल्या हवालदाराला यातले किती शिकवले आहे, त्यावर कायद्याची खरी ताकद ठरते. मला वाटते, नवी कडक कलमे मागण्यापेक्षा जिल्ह्याच्या सायबर कक्षाला माणसे आणि प्रयोगशाळेला वेळेवर अहवाल देण्याची ऐपत मागणे आज जास्त गरजेचे आहे.

आकडे पाहिले तर हे का म्हणतो ते कळेल. त्या अमेरिकी केंद्राकडे भारताशी संबंध लागलेले अहवाल २०१९ मध्ये सुमारे १९ लाख ८७ हजार होते. २०२३ मध्ये ते ८९ लाखांवर गेले. जगभरच्या ३ कोटी ६२ लाखांपैकी कोणत्याही देशापेक्षा जास्त. यात एकाच चित्राच्या पुन्हा-पुन्हा झालेल्या नोंदी आहेत, रागाने किंवा अडाणीपणाने पुढे ढकललेली चित्रे आहेत. म्हणजे ८९ लाख गुन्हेगार असा अर्थ काढू नये. तरीही मडगावच्या एका घरातल्या २,३०५ छायाचित्रांनी राज्याचा कायदा बदलायला लावला होता, हे आठवले की आजच्या आकड्यापुढे मन सुन्न होते.

आणि हा मोठ्या शहरांचा आजार आहे, असेही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये सीबीआयने उत्तर प्रदेशच्या पाटबंधारे खात्यातल्या एका कनिष्ठ अभियंत्याला अटक केली. चित्रकूट, बांदा, हमीरपूर या मध्य प्रदेशाच्या सीमेजवळच्या जिल्ह्यांतल्या पन्नासेक मुलांवर अनेक वर्षे अत्याचार करून त्यांची चित्रे इंटरनेटवर विकल्याचा आरोप त्याच्यावर होता. मुलांना वश करायला मोबाइल आणि छोट्या-मोठ्या वस्तू पुरल्या होत्या. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, सीबीआयच्या ‘ऑपरेशन कार्बन’मध्ये चौदा राज्यांत एकाच वेळी छापे पडले.

पोलीस आरोपीच्या घरी पोचतात, पण चित्रातले मूल कोण, हे बऱ्याचदा चित्र सांगत नाही. ते मूल बोलले तरच कळते. इथे १०९८ पुन्हा मध्यभागी येते. पोक्सोचे २४ वे कलम सांगते की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचे. मुलासोबत आधार-व्यक्ती देता येते. ही सारी तरतूद लिहिणाऱ्यांनी चाइल्डलाइनसारख्यांचा फलाटावरचा अनुभवच कागदावर उतरवला, असे मला वाचताना वाटत राहते. अलीकडे मुलग्यांना फसवण्याचा एक प्रकार वाढला आहे. मुलीच्या नावाचे खोटे खाते, दोन दिवसांची गोड ओळख, एक फोटो, आणि मग ‘पैसे दे, नाहीतर सगळ्या वर्गात पाठवतो’. मूल आई-वडिलांना सांगत नाही, कारण पहिला मार आपल्यालाच बसेल हे त्याला पक्के माहीत असते. अशी मुले जीव देण्यापर्यंत जातात. तो गप्प फोन आता सार्वजनिक फोनवरून येत नाही, शेजारच्या खोलीत उशीखाली ठेवलेल्या मोबाइलवरून येऊ पाहतो.

टाळेबंदी लागू होण्याच्या सुमारास, २० ते ३१ मार्च २०२० या काळात, १०९८ वर तीन लाखांहून अधिक कॉल आले आणि त्यांतले सुमारे ९२ हजार अत्याचारापासून वाचवा म्हणणारे होते. मुले घरात सुरक्षित आहेत असे देश मानत असतानाचे हे दिवस.

२०२३ मध्ये संस्थेच्या इतिहासातले सर्वांत मोठे स्थित्यंतर झाले. ‘मिशन वात्सल्य’ योजनेखाली १०९८ टप्प्याटप्प्याने राज्य सरकारांच्या महिला व बालविकास खात्याकडे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षांकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडली गेली. सत्तावीस वर्षे स्वयंसेवी संस्थांनी वाहिलेले काम सरकारी झाले. याने पोलिसांशी गाठ थेट पडते, अधिकार वाढतो, खर्चाची जबाबदारी सरकारवर येते, हे सारे मान्य. पण मूक कॉलवर थांबून राहणे ही नोकरीच्या नियमात बसणारी गोष्ट नाही. तिथे घाई झाली की मूल फोन ठेवते आणि पुन्हा करीत नाही. संकटात पडलेल्या मुलाला पोलीस गाडी हवी असते की ऐकणारी ताई, हे दर वेळी वेगळे असते. ते ओळखण्याचे कसब जुन्या कार्यकर्त्यांकडे होते. त्यांना या नव्या घडीत सामावून न घेणे हा तोटाच झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्यांनी प्रशिक्षणासाठी तरी त्यांना बोलवावे.

न्यायालयाच्या बाजूने मात्र पुढचे पाऊल पडले. मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये असे चित्र नुसते मोबाइलवर ठेवणे हा गुन्हा नाही, असे म्हणून एक खटला रद्द केला होता. मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या आघाडीने त्याला आव्हान दिले. २३ सप्टेंबर २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला यांच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला. असे चित्र आले, ते पुसले नाही, कळवले नाही आणि जवळ ठेवले, तर पोक्सोच्या १५ व्या कलमाखाली गुन्हा होऊ शकतो. समाजमाध्यम कंपन्यांनी अमेरिकेच्या केंद्राला कळवून भागणार नाही, भारतातल्या कायद्याप्रमाणे इथल्या यंत्रणेलाही कळवावे लागेल, हेही न्यायालयाने सांगितले. गोव्यातल्या फोटो स्टुडिओवाल्याचा नियम अशा रीतीने एकवीस वर्षांनी देशभरच्या कंपन्यांना लागू झाला.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्या बऱ्हाणपूर, नेपानगर, शाहपूर, रावेर परिसरातल्या पालकांना, शिक्षकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एवढी विनंती. मुलाचे असे चित्र व्हॉट्सॲपवर आले तर ‘याला पकडा’ म्हणून पुढे पाठवू नका. पाठवणारा स्वतः गुन्ह्यात अडकतो आणि त्या मुलाची विटंबना वाढते. चित्राचा स्क्रीनशॉटही काढू नका. खात्याचे नाव, नंबर, दुवा, तारीख, वेळ कागदावर लिहा आणि ठाण्यात किंवा सायबर गुन्हे पोर्टलवर कळवा. महिला आणि मुलांविषयीच्या तक्रारीत तिथे नाव न देण्याचीही सोय आहे. आपल्याच मुलाला कुणी धमकावत असेल तर त्याचा मोबाइल फोडू नका, त्यातले संभाषण पुसू नका, पैसे देऊ नका आणि पहिल्या तासात त्याच्यावर हात उचलू नका. शाळांनी १०९८ हा नंबर फाटकावरच्या फलकासोबत मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दारामागेही लिहावा, जिथे मूल एकटे असते. तो कोणत्याही फोनवरून फुकट लागतो, दिवसा आणि रात्रीही.